माउंटन बाइकचा चेनगाइड आणि बॅशगार्ड : इंदूर परिसरातील सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू आणि देवास येथील मराठी सायकलस्वार जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराची गरज भासते, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेनगाइड आणि बॅशगार्ड ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत का?

नाहीत. चेनगाइड चेनला चेनरिंगवरून, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीवरून, निसटू देत नाही, तर बॅशगार्ड चेनरिंगला आणि तिच्यावरील चेनला दगडावर आपटण्यापासून वाचवतो. गाइडचे दोन भाग असतात. वरचा भाग म्हणजे चेन चेनरिंगवर शिरते त्या जागी तिच्या दोन्ही बाजूंना असलेले गाल, आणि खालचा भाग म्हणजे चेन चेनरिंग सोडते तेथे तिला धरणारा रोलर किंवा घसरपट्टी. बॅशगार्ड एकतर क्रँकला (पायडलच्या दांड्याला) लागलेली गोल कडी असते, नाहीतर फ्रेमला लागलेली, चेनरिंगचा फक्त खालचा भाग झाकणारी कमानीसारखी पट्टी असते. या पट्टीला सायकलस्वार टॅको म्हणतात. अनेक कंपन्या गाइड आणि टॅको एकाच पट्टीवर जोडून विकतात, म्हणून गोंधळ होतो. विकत घेताना मात्र आपला त्रास चेन पडण्याचा आहे की आपटण्याचा, हे आधी ठरवावे.

२. माझ्या सायकलीच्या क्रँकवर काळी प्लास्टिकची चकती आहेच. तो बॅशगार्ड नव्हे का?

नव्हे. ती पँटला वंगण लागू नये म्हणून दिलेली असते. तीन-चार बारीक स्क्रूंवर टिकलेली ती चकती पहिल्याच दगडावर फुटते आणि कधीकधी तिचा तुकडा चेनमध्ये अडकतो. डोंगरात जाण्यापूर्वी ती काढून ठेवलेलीच बरी.

३. इंदूरच्या आसपास चालवण्यासाठी मला यातले काही खरोखर लागेल का?

सुपर कॉरिडॉर, बायपास किंवा गावांना जोडणारे पक्के रस्ते एवढाच आपला वावर असेल, तर दोन्हींची गरज नाही. शेतांमधल्या गाडीवाटांवरही सहसा लागत नाही.

चित्र बदलते ते दक्षिणेला, जेथे माळव्याचे पठार संपून विंध्याची कड निमाडाकडे उतरू लागते. जानापाव, तिंछा, चोरल, पाताळपाणी, जाम दरवाजा या बाजूंच्या पायवाटांवर काळा बेसाल्ट थरांनी उघडा पडलेला आहे, आणि त्या थरांच्या कडा पायऱ्यांसारख्या येतात. अशा पायरीवरून पुढचे चाक उतरले की मागचे चाक अजून वरच असते आणि पायरीची धार नेमकी चेनरिंगखाली येते. येथे चेनरिंगचे दाते वाकतात, चेनच्या कड्या चेपतात, आणि वाकलेल्या दात्यांवरून चेन पुढच्या चढावर निसटत राहते, म्हणजे आपटण्याच्या त्रासातूनच चेन पडण्याचा त्रास जन्माला येतो.

म्हणून या प्रदेशासाठी आमचे मत असे की पैसे आधी बॅशगार्डवर खर्चावेत, मग गरज उरल्यास वरच्या गाइडवर, आणि खालच्या रोलरवर सर्वांत शेवटी. बहुतेकांनी तो घेऊच नये. त्याचे कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

४. चेन सतत पडते. गाइड लावला की थांबेल ना?

बहुधा थांबेल, परंतु मूळ दोष झाकला जाईल आणि तो दुसरीकडून डोके वर काढील. गाइड घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात. चेन झिजली आहे का, हे पोलादी पट्टीने मोजता येते: नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी एका पिनेच्या केंद्रापासून ३०४.८ मिमी भरते, ती ३०६.३ मिमी झाली की झीज अर्धा टक्का झाली, आणि ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) तेथेच चेन बदलावी. जुन्या ९ किंवा १० गिअरच्या सायकलीवर पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३०७.१ मिमीपर्यंत, थांबता येते.

त्यानंतर चेनची लांबी पाहावी, कारण मिस्त्री घाईत नवी चेन न कापता तशीच चढवतात आणि ती खाली लोंबते. चेनरिंग समोरून पाहत क्रँक उलटा फिरवला की ती डुगडुगते का, हे कळते. पुढे डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, असेल तर तो किती आत-बाहेर सरकेल हे ठरवणारे त्याचे दोन्ही मर्यादा-स्क्रू तपासावेत. चेन आतल्या बाजूला, फ्रेमकडे पडत असेल तर ‘एल’ आणि बाहेर पायडलकडे पडत असेल तर ‘एच’ सैल आहे असा पहिला अंदाज बांधावा. मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणारा क्लच असेल तर तो चालू आहे ना, हेही पाहावे: शिमानो कंपनीच्या डिरेलरवर तो बंद करण्याची छोटी कळ असते, आणि पंक्चर काढताना चाक सोडवण्यासाठी बंद केलेली ती कळ पुन्हा चालू करायची राहून जाते. चेन पडण्याच्या किती तक्रारी केवळ या कळीमुळे येतात, हे पाहून कोणीही थक्क होईल.

हे सर्व ठीक असूनही खडकाळ उतारावर, पायडल थांबवलेले असताना चेन उडत असेल, तर गाइड हाच खरा उपाय आहे.

५. माझ्याकडे एकच चेनरिंग आहे, नॅरो-वाइड दात्यांची, आणि मागे क्लचचा डिरेलर. तरीही गाइड हवा का?

बहुतेकांना नको. एकाआड एक अरुंद आणि रुंद दाते असलेली चेनरिंग स्राम कंपनीने २०१२ मध्ये आपल्या एक्सएक्स-१ संचासोबत बाजारात आणली. चेनच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमधील फट कमी-जास्त असते, आणि हे दाते त्या-त्या फटीत घट्ट बसतात. त्याच सुमारास क्लचचे डिरेलर आल्यामुळे चेनची खालची बाजू फडफडणे कमी झाले. या दोहोंनंतर गाइड केवळ उतारांच्या शर्यतींपुरता उरला, असे म्हणणे थोडे धाडसाचे असले तरी फार चुकीचे नाही.

तथापि दाते झिजले की ही पकड सैल होते, आणि माळव्याच्या धुळीत ते लवकर झिजतात. झिजलेली रिंग आणखी काही महिने वापरायची असेल, किंवा चेन पडली तर परतायला घाटातून पायी यावे लागेल अशा वाटांवर जायचे असेल, तर फक्त वरचा गाइड लावावा. त्याचे वजन नगण्य असते आणि नीट बसवला तर त्याचा चेनला स्पर्शही होत नाही.

६. माझी सायकल तीन चेनरिंगची आहे. बॅशगार्ड कसा बसवायचा?

सर्वांत मोठी रिंग काढून तिच्या जागी. २२, ३२ आणि ४२ दात्यांच्या क्रँकवरची ४२ ची रिंग उतरवून ३२ दात्यांसाठीचा बॅशगार्ड त्याच बोल्टांवर चढवतात. ४२ दात्यांच्या रिंगचा व्यास सुमारे १७० मिमी असतो आणि ३२ च्या रिंगचा सुमारे १३० मिमी; म्हणजे मोठी रिंग गेल्यावर जमिनीपासूनचे अंतर दोन सेंटीमीटरने वाढते, आणि त्यातील काही मिलिमीटर बॅशगार्डला दिले तरी फायदा उरतोच.

क्रँकचे माप बोल्टांच्या वर्तुळावरून ठरते. चार बोल्टांच्या क्रँकवर शेजारच्या दोन बोल्टांच्या केंद्रांमधील अंतर ७३.५ मिमी असेल, तर ते वर्तुळ १०४ मिमीचे आहे आणि बाजारातील बहुतेक बॅशगार्ड त्याच मापाचे असतात. आतल्या लहान रिंगचे वर्तुळ ६४ मिमीचे असते. ते येथे कामाचे नाही.

त्यानंतरची तीन कामे पुष्कळदा राहून जातात. चेन साधारण चार कड्यांनी आखूड होऊ शकते. मात्र कापण्यापूर्वी ती डिरेलरमधून न नेता पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर गुंडाळून, दोन कड्या जास्त ठेवून खात्री करावी. पुढच्या डिरेलरचा ‘एच’ स्क्रू एवढा आवळावा की त्याचा पिंजरा, म्हणजे चेनला बाजूला ढकलणारी चौकट, बॅशगार्डवर आदळणार नाही. आणि डिरेलर खाली सरकवून तो नव्या मोठ्या रिंगच्या जवळ आणावा, अर्थात बॅशगार्डची कड वर येत असल्याने तो नेहमीच्या दोन-तीन मिलिमीटरवर येणार नाही आणि गिअर किंचित संथ बदलतील. हे सहन करावे लागते.

यात काय गमावतो? ३२ आणि ११ च्या जोडीवर, २९ इंची चाकाने, मिनिटाला पायडलच्या ९० फेऱ्यांना ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. खंडवा रस्त्यावर मित्रांच्या मागे राहू. चोरलच्या उतारावर कोणाला फरक कळणार नाही.

७. माझ्या क्रँकच्या रिंगा रिव्हेटने पक्क्या केलेल्या आहेत, बोल्ट नाहीतच. काय करू?

स्वस्त सायकलींवर हीच स्थिती असते. रिव्हेट फोडून बॅशगार्ड बसवण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो ऐकू नये, कारण राहिलेली छिद्रे चेनरिंगच्या बोल्टांच्या मापाची नसतात आणि रिंग मध्यावर बसत नाही. चौकोनी टोकाच्या बीबीवर (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस आणि त्याची बेअरिंग) चालणारा, बोल्टांच्या रिंगांचा दुसरा क्रँक घेणे हाच योग्य मार्ग आहे. घेताना जुन्या बीबीच्या आसाची लांबी नव्या क्रँकला चालते का, हे विचारून घ्यावे. अन्यथा रिंग फ्रेमला घासते.

८. आयएससीजी म्हणजे नेमके काय, आणि माझ्या फ्रेमवर ते आहे का, हे कसे ओळखू?

बीबीच्या नळीभोवती, चेनच्या बाजूला, फ्रेमलाच जोडलेले तीन छिद्रांचे कान म्हणजे आयएससीजी. क्रँकच्या मागे टॉर्च मारून पाहिले की दिसतात. जुने माप आणि नंतरचे आयएससीजी-०५ हे माप यांत छिद्रांचे वर्तुळ वेगळे असते. ०५ चे वर्तुळ मोठे असते. एका मापाची पट्टी दुसऱ्यावर बसत नाही. लांबट खाचा असलेल्या थोड्या पट्ट्या मात्र दोन्हींवर चालतात. आज मिळणारे बहुतेक गाइड ०५ साठीच असतात.

बोल्ट सहा मिलिमीटरचे, साध्या आट्यांचे असतात, त्यामुळे एखादा हरवला तर सियागंजच्या हार्डवेअर दुकानात मिळून जातो. चेनरिंगच्या बोल्टांचे तसे नाही. त्यांचे आटे आठ मिलिमीटर व्यासावर पाऊण मिलिमीटर अंतराचे, बारीक असतात आणि ते सायकलच्या दुकानातूनच मागवावे लागतात.

९. फ्रेमवर कानच नाहीत. मग?

मग तीन वाटा उरतात. क्रँकवरचा गोल बॅशगार्ड लावता येतो (प्रश्न ६). सीट-ट्यूबला (सीटखालच्या फ्रेमच्या नळीला) पट्ट्याने आवळला जाणारा वरचा गाइड मिळतो. पुढचा डिरेलर काढून टाकलेल्या सायकलींवर त्याच जागी तो उत्तम बसतो. तिसरी वाट म्हणजे बीबीचा कप आणि फ्रेमची नळी यांच्या मध्ये दाबून बसवायची पट्टी.

ही तिसरी वाट फक्त आट्यांच्या बीबीवर चालते. प्रेसफिट बीबीत कप आवळला जात नाही, ठोकून बसवला जातो, त्यामुळे पट्टीला धरून ठेवणारे काही नसते. बाहेर बेअरिंग असलेल्या बीबीत पट्टीच्या बदल्यात उजव्या बाजूची अडीच मिलिमीटरची एक चकती काढावी लागते, नाहीतर चेनलाइन, म्हणजे चेनरिंग आणि कॅसेट यांमधली चेनची रेष, बिघडते. कप काढताना उजव्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होतो, हे नवशिक्या मिस्त्रीला आधी सांगावे. शिमानोच्या अशा कपांसाठी ३५ ते ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो; हातच्या अंदाजावर ते सोपवू नये.

आणि अशा पट्टीवर टॅको लावू नये. ती केवळ घर्षणाने टिकलेली असते, त्यामुळे दगडाच्या फटक्याने फिरते आणि गाइडचे गाल चेनमध्ये घुसतात.

१०. क्रँकवरची कडी चांगली की फ्रेमवरचा टॅको?

क्रँकवरच्या कडीला बसलेला फटका क्रँक, आस आणि बेअरिंगपर्यंत जातो, आणि क्रँकला झटका बसल्याने पाय पायडलवरून सुटू शकतो. टॅकोचा फटका फ्रेमच्या कानांवर जातो; सायकल त्यावरून घसरून पुढे जाते आणि पाय स्थिर राहतात. त्यामुळे कान भक्कम असतील, विशेषतः बदलता येण्याजोगे, तर आम्ही टॅको सुचवू. कार्बन फ्रेमच्या बाबतीत, कानांवर बॅशगार्ड चालेल की केवळ गाइड, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय काही लावू नये. मोडलेला कान फ्रेमसह जातो.

चेनरिंग थेट क्रँकवर, मधल्या पंजाविना बसत असेल, तर गोल कडीला बोल्टच नसतात. तेथे टॅकोच घ्यावा लागतो.

११. अ‍ॅल्युमिनियम घ्यावा की पॉलिकार्बोनेट?

पॉलिकार्बोनेट हलका असतो, फटक्याने लवतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो, शिवाय दगडावरून सहज घसरतो. अ‍ॅल्युमिनियम ओरखडत, अडखळत पुढे जातो आणि एकदा वाकला की चेनला घासू लागतो. आमची पसंती पॉलिकार्बोनेटला आहे, पण एका अटीवर.

ती अट रसायनांची. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावायचा आटे-गोंद, म्हणजे लॉकटाइटच्या जातीचा द्रव, पॉलिकार्बोनेटला लागला तर त्यात ताणाच्या बारीक भेगा पडतात आणि तो पुढच्या फटक्याला काचेसारखा तुटतो. म्हणून प्लास्टिकला टेकणाऱ्या बोल्टांवर हा गोंद लावूच नये. आपल्याकडे चेन पेट्रोलने धुण्याची सवय आहे. ते पेट्रोलही हेच नुकसान करते. बॅशगार्डला साबणाचे पाणी पुरते.

१२. मोठ्या मापाचा बॅशगार्ड जास्त सुरक्षित असेल का?

नाही. दात्यांवर बसलेल्या चेनपेक्षा तो थोडासाच मोठा हवा. ३२ च्या रिंगवर ३६ चा बॅशगार्ड लावला तर जमिनीपासूनचे अंतर विनाकारण घटते आणि जो दगड एरवी खालून निघून गेला असता, तोही लागतो.

१३. गाइड आणि चेन यांत किती अंतर ठेवावे? मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन घासते.

मागे कॅसेटच्या मधल्या चकतीवर चेन ठेवून वरचा गाइड चेनच्या बरोबर मध्ये आणावा, दोन्ही बाजूंना सुमारे एक मिलिमीटर मोकळे राहील असा. मग मागची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान चकती तपासावी. केवळ मोठ्या चकतीवर घासत असेल तर गाइड आत, फ्रेमकडे, सरकवावा. गाइडसोबत आलेल्या पातळ वॉशरांचा उपयोग याचसाठी असतो. दोन्ही टोकांना घासत असेल तर दोष गाइडचा नसून चेनलाइनचा किंवा वाकड्या पट्टीचा असतो. मोठ्या चकतीवर अगदी पुसटसा आवाज उरला तर तो सोडून द्यावा. त्याच्यामागे लागून गाइड इतका आत नेला जातो की लहान चकतीवर चेन बाहेरच्या गालाला घासू लागते.

१४. पावसाळ्यात खालचा रोलर जाम होतो. उपाय आहे का?

खात्रीचा उपाय एकच: रोलर काढून ठेवणे. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायर, फ्रेम, रोलर या सर्वांना थरावर थर चिकटत जाते. रोलर चेनच्या खालच्या, सर्वांत मळलेल्या बाजूवर फिरत असल्याने चेनवरची माती तो स्वतःभोवती गोळा करतो. मग तो फिरायचा थांबतो, चेन त्याच्यावर घासत राहते आणि त्यात खोल खाच पडते. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत वरचा गाइड आणि टॅको एवढेच ठेवावे, आणि वरच्या गाइडमध्येही माती साचत असेल तर गाल उघडणारा नमुना घ्यावा, म्हणजे काडीने ती वाटेतच काढता येते.

धुताना गाड्यांच्या वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप वापरू नये. त्याची धार बीबीच्या सीलमधून पाणी आत ढकलते आणि महिन्याभरात बेअरिंग कुरकुरू लागतात. बादली, ब्रश आणि थोडा धीर पुरेसा आहे.

१५. पुढचा डिरेलर तसाच ठेवून त्याचाच गाइड करता येतो का?

येतो, आणि तो वाईट जुगाड नाही. एका रिंगवर आल्यानंतर पुढचा डिरेलर न काढता दोन्ही मर्यादा-स्क्रूंनी पिंजरा रिंगच्या वर जखडून ठेवतात. ‘एल’ स्क्रू पूर्ण आवळूनही पिंजरा पुरेसा बाहेर येत नसेल, तर केबलचा छोटा तुकडा ताणून बोल्टमध्ये पकडावा. पिंजरा रुंद असल्याने आवाज होतो आणि पकड खऱ्या गाइडइतकी नसते, परंतु पैसे साठेपर्यंत काम भागते.

१६. चढावर जोर लावला की चेन रिंगला चिकटून वर येते आणि फ्रेममध्ये अडकते. गाइड लावू का?

हा चेन पडण्याचा प्रकार नाही. हुकांसारखे झिजलेले दाते, चेपलेली किंवा गंजलेली कडी आणि मातीने जड झालेली चेन यांमुळे चेन रिंगच्या तळाशी सुटत नाही आणि तिच्यासोबत वर ओढली जाते. वरचा गाइड येथे काहीच करत नाही. चेन आणि ती रिंग बदलावी, आणि तोवर अडकताक्षणी पायडल थांबवावे, नाहीतर फ्रेमच्या मागच्या नळीवर खोल ओरखडे पडतात.

१७. फुल सस्पेन्शनवर काही वेगळे पाहावे लागते का?

होय. उभ्या सायकलीवर ठीक दिसणारा गाइड सस्पेन्शन दबल्यावर मागच्या चाकाला धरणाऱ्या फ्रेमच्या हलत्या भागाला लागू शकतो. मागच्या शॉकमधील हवा सोडून सायकल पूर्ण दाबावी आणि प्रत्येक गिअरला क्रँक हाताने फिरवून पाहावा. हवा पुन्हा भरण्यापूर्वी मूळ दाब लिहून ठेवलेला असावा.

१८. माझी चेनरिंग अंडाकृती आहे. माप कोणते धरू?

३२ दात्यांच्या अंडाकृती रिंगचा लांब व्यास साधारण ३४ च्या गोल रिंगएवढा असतो. म्हणून टॅको आणि वरचा गाइड या दोहोंची उंची तो लांब भाग त्यांच्यासमोर आणून ठरवावी. बाकी प्रश्न १३ प्रमाणे.

१९. ई-सायकलला हेच भाग चालतात का?

सहसा नाही. बीबीच्या जागी मोटर असते आणि आयएससीजीचे कान बहुधा नसतात. मोटर बनवणाऱ्या किंवा फ्रेमच्या कंपनीचीच संरक्षक पट्टी घ्यावी. मोटरच्या आवरणावर छिद्र पाडून काही बसवू नये.

२०. बॅशगार्ड जोरात आपटला. घरापर्यंत चालवत न्यावी का?

आधी चेन रिंगवरून उतरवून क्रँक मोकळा फिरवावा; अडखळत असेल किंवा डुगडुगत असेल तर क्रँक किंवा आस वाकला आहे. मग कान पाहावेत: रंगावर केसासारखी भेग दिसली तर टॅको काढून हळू परतावे. बोल्ट हाताने फिरत असेल तर आवळावा, पण आटे गेले असतील तर तो काढून खिशात ठेवावा आणि उरलेल्या दोन बोल्टांवर गाइड हलत नाही ना, ते पाहावे. हलत असेल तर पूर्ण गाइड उतरवावा. त्याच्याविना एखाद्या वेळी चेन पडेल, पण तो सैल राहिला तर चेन, गाइड आणि मागचा डिरेलर तिन्ही एकदम जातील. यासाठी लागणारी ५ मिलिमीटरची एलन चावी प्रत्येकाच्या पिशवीत असतेच. चेनच्या जोडकडीची एक जादा जोडी मात्र फार थोडे बाळगतात.